बॉयलरच्या नळीतून निघालेला प्रश्न

ऑक्टोबर १८२९मध्ये इंग्लंडमध्ये रेनहिल येथे वाफेच्या इंजिनांची स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या ‘रॉकेट’चे नाव झाले ते वेगामुळे, पण त्या वेगाचे कारण इंजिनाच्या पोटात होते. आधीच्या इंजिनांत भट्टीतले तप्त वायू एकदोन जाड नळकांड्यांतून पाण्यामधून जात आणि बरीचशी उष्णता सोबत घेऊनच धुराड्याबाहेर पडत. हेन्री बूथ यांच्या सूचनेवरून स्टीफनसन पितापुत्रांनी ‘रॉकेट’च्या बॉयलरमध्ये सुमारे ३ इंच व्यासाच्या तांब्याच्या २५ नळ्या बसवल्या. फ्रान्समध्ये मार्क सेगँ हेही जवळजवळ त्याच वेळी, स्वतंत्रपणे, याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. नळ्या बारीक केल्या आणि त्यांची संख्या वाढवली की वायूला पाण्याजवळचे धातूचे अंग जास्त मिळते, एवढी समज पुरेशी ठरली. पण किती जास्त? वायू दुप्पट वेगाने ओढला तर निम्मी उष्णता वाया जाईल की नाही? नळी दुप्पट लांब केली तर? या प्रश्नांना त्या काळी उत्तर नव्हते. कारखानदार आधीच्या बॉयलरची मापे घेत, थोडी वाढवत आणि काय होते ते पाहत.

नळातल्या प्रवाहाचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तके हे बॉयलर बाजूला ठेवतात. ती पाण्यापासून सुरुवात करतात, १८८३मधल्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या काचनळीपाशी येतात, आणि उष्णतेचा विषय वेगळ्या प्रकरणात, पुष्कळदा वेगळ्या पुस्तकात, नव्याने काढतात. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे. घडले ते मात्र असे नाही. पाणी नेणाऱ्यांनी आणि उष्णता नेणाऱ्यांनी जवळपास अर्धशतक आपापल्या वेगळ्या वह्यांत हिशेब मांडले. दोघांचेही आकडे प्रामाणिक होते आणि दोघांचेही हिशेब अडत होते. ते सुटू लागले ते घर्षण आणि उष्णता या नळीच्या भिंतीपाशी घडणाऱ्या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, हे ओळखल्यावर. ही ओळख प्रथम पटली ती पाणीपुरवठा करणाऱ्या कोणाला नव्हे, तर इंजिनाच्या बॉयलरचे कोडे सोडवणाऱ्या प्राध्यापकाला.

आधी पाण्याची वही पाहू. १८३९मध्ये जर्मन जलअभियंता गोटहिल्फ हागेन यांनी सुमारे अडीच ते सहा मिलिमीटर व्यासाच्या पितळी नळ्यांतून पाणी सोडून किती दाबाला किती पाणी येते ते मोजले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये जाँ लेओनार मारी प्वाझय हे वैद्य तेच काम कितीतरी बारीक काचनळ्यांत करत होते. दोघांचाही जन्म १७९७चा, आणि दोघांना एकमेकांच्या कामाची खबर नव्हती. प्वाझय यांना कुतूहल होते रक्ताचे. रक्ताचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजण्याची युक्ती त्यांनी विद्यार्थिदशेतच काढली होती, आणि आता केशवाहिन्यांतून रक्त कसे सरकते ते त्यांना हवे होते. रक्त गोठते, म्हणून त्यांनी गाळलेले शुद्ध पाणी घेतले, नळ्या पाण्याच्या टाकीत ठेवून तापमान स्थिर राखले आणि कमालीच्या चिकाटीने मोजमाप केले. निष्कर्ष साधे निघाले. दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट येते. नळीची लांबी दुप्पट केली की निम्मे येते. आणि व्यास निम्मा केला की पाणी निम्मेही नाही, पावही नाही, सोळावा हिस्सा येते, कारण प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. पाणी कोमट केले की ते जास्त वाहते, हेही दोघांच्या नजरेस आले. आज आपण म्हणू की तापमानाबरोबर पाण्याची श्यानता, म्हणजे अंगचा चिकटपणा, कमी होते. प्वाझय यांचा निबंध १८४०-४१मध्ये फ्रेंच अकादमीपुढे आला आणि १८४६मध्ये पूर्ण छापला गेला. आजही रक्तवाहिनी थोडी आकसली की हृदयावरचा ताण का वाढतो हे समजावताना वैद्यक महाविद्यालयांत हाच चौथा घात फळ्यावर लिहिला जातो.

आता त्याच वहीचे दुसरे पान. आँरी दार्सी हे दिजाँ गावचे अभियंता. गावापासून सुमारे साडेबारा किलोमीटरवरच्या रोझ्वार झऱ्याचे पाणी त्यांनी बंदिस्त कालव्याने १८४०मध्ये गावात आणले आणि त्या कामाची बिदागी नाकारली. पुढे पॅरिसच्या पाणीखात्यात असताना त्यांनी शायो येथे नळांच्या चाचण्यांची एक मोठी मालिका केली. बिडाचे नळ, शिशाचे, काचेचे, डांबर लावलेल्या पत्र्याचे. व्यास सुमारे सव्वा सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत. काही नळ कोरे होते, तर काही वर्षानुवर्षे वापरून आत गंज आणि साका धरलेले, आणि तेच नळ पुढे साफ करून पुन्हा मोजलेले. १८५७मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यातले आकडे प्वाझय यांच्या आकड्यांशी वरवर पाहता पूर्ण फटकून होते. मोठ्या नळात पाण्याचा वेग दुप्पट करायचा तर दाबाची घट दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट सोसावी लागे. नळ आतून खडबडीत असेल तर पाणी लक्षणीय कमी येई. बारीक काचनळीत भिंतीच्या खडबडीतपणाला काही किंमत नव्हती. इथे गंजलेला नळ आणि तोच घासलेला नळ हे दोन वेगळे नळ ठरत. इथून पुढे गावोगावच्या अभियंत्यांना नळाच्या वयाचा विचार करून व्यास ठरवणे भाग पडले. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६०मध्ये नळाने आले, तो काळ नेमका हाच.

मग चूक कोणाची? कोणाचीच नाही, आणि तीच खरी अडचण होती. सिद्धान्ताकडे पाहिले तर तिथेही उत्तर मिळत नव्हते. चिकटपणासहित द्रवाच्या गतीची समीकरणे नाव्हिए यांनी १८२२मध्ये आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५मध्ये मांडली होती. सरळ नळीसाठी ती सोडवणे अवघडही नाही: भिंतीला लागून असलेले पाणी स्थिर, मधोमध वेग सर्वाधिक, आणि मध्ये थरावर थर अलगद सरकणारे. स्टोक्स यांनी हे उत्तर काढले, कालव्यानळांच्या जुन्या मोजमापांशी ताडून पाहिले, आणि ते जुळेना. त्यामुळे भिंतीजवळचे पाणी खरोखर थांबलेले असते की घसरते याविषयीच ते साशंक राहिले. एखादा सिद्धान्त बरोबर असूनही त्याच्या कर्त्यालाच त्याचा भरवसा वाटू नये, असा हा प्रसंग आहे. त्यांनी मोजमाप चुकीच्या नळाचे घेतले होते. पण चुकीचा नळ कोणता आणि बरोबर कोणता, हे सांगायला काही मापच त्या वेळी उपलब्ध नव्हते.

उष्णतेच्या वहीत याहून कमी नोंदी होत्या. समुद्रावरच्या आगबोटींना खाऱ्या पाण्यावर बॉयलर चालवताना क्षाराचे थर जमण्याचा त्रास होई. वापरलेली वाफ बारीक नळ्यांवर थंड करून तेच गोडे पाणी पुन्हा बॉयलरमध्ये घालता आले तर हा त्रास टळणार होता. सॅम्युएल हॉल यांनी अशा कंडेन्सरचे पेटंट १८३४मध्ये घेतले, पण त्यात नळ्या किती हव्यात हे कोणालाच हिशेबाने सांगता येईना. जेम्स जूल यांनी हा विषय हाती घेतला आणि १८६१मध्ये रॉयल सोसायटीपुढे मोजमापे ठेवली: नळीत वाफ, नळीबाहेरच्या कवचातून थंड पाणी, आणि दर चौरस फुटाला किती उष्णता पार होते त्याचा आकडा. पाण्याच्या वाटेत तारेचे वेटोळे ठेवले की जास्त उष्णता पार होते, असे त्यांना आढळले. पाणी ढवळले गेल्याने काम सुधारते, एवढे यातून उघड होते. पण त्या ढवळण्याचा आणि दार्सी यांच्या चौपट दाबाचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात आले नाही. एका विद्याशाखेचे लोक दुसऱ्या शाखेचे निबंध वाचत नाहीत, ही तक्रार आजची नाही.

बेलफास्टमध्ये जन्मलेले ऑस्बर्न रेनॉल्ड्स १८६८मध्ये, पंचविशीत, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. गिरण्या, बॉयलर आणि आगगाड्यांच्या त्या शहरात अभियंत्यांना ठाऊक असलेली, पण कोणी न उलगडलेली एक गोष्ट त्यांना खटकत होती. आगगाडीच्या इंजिनाला जोराने हाकले की नळ्यांतून जाणारे तप्त वायू कितीतरी वेगाने धावतात, त्यांना नळीत थांबायला वेळ कमी मिळतो. तरीही त्यांच्याजवळच्या उष्णतेचा जेवढा हिस्सा पाण्याला मिळायचा, जवळजवळ तेवढाच मिळत राहतो. साध्या तर्काला हे पटत नाही. १८७४मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान सभेपुढे वाचलेल्या एका छोट्या निबंधात रेनॉल्ड्स यांनी याचे उत्तर दिले. वायूपासून भिंतीकडे उष्णता दोन वाटांनी जाते, असे त्यांचे म्हणणे. एक म्हणजे वायू स्थिर असतानाही चालणारे कणाकणांतले हळूहळू पसरणे. दुसरी वाट भोवऱ्यांची: वाहत्या वायूत भोवरे उठतात, आणि मधला तप्त वायू उचलून ते भिंतीपाशी आणून आपटतात. वेग दुप्पट झाला की नळीतून दुप्पट वायू जातो हे खरे, पण भोवऱ्यांची उचलाउचलही दुप्पट होते. म्हणून दर किलो वायूमागे भिंतीला मिळणारी उष्णता तेवढीच राहते. कोडे सुटले. पण निबंधातली पुढची ओळ जास्त मोलाची आहे. वायूचा वेग भिंतीपाशी खर्च होतो, म्हणजे ज्याला आपण घर्षण म्हणतो, तेही याच दोन वाटांनी होते, असे त्यांनी लिहिले आणि दोन्हींची सूत्रे एकाच साच्यात मांडली: एक पद वेगाच्या प्रमाणात, दुसरे वेगाच्या वर्गाच्या. प्वाझय यांचा नियम हे पहिले पद, दार्सी यांचा नियम हे दुसरे. दोन वह्या इथे प्रथमच शेजारी उघडल्या गेल्या.

मात्र १८७४चे उत्तर अर्धे होते. भोवरे उठतात, कबूल; पण कधी उठतात? रेनॉल्ड्स यांच्या १८८३च्या निबंधाला शुद्ध पाण्याचा प्रयोग समजणाऱ्यांनी या न सुटलेल्या अर्ध्याची आठवण ठेवायला हवी. प्रयोगाची मांडणी तशी साधी होती. बाजूंना काचा लावलेली सुमारे ६ फूट लांब टाकी. तिच्यात पाण्याखाली आडवी ठेवलेली काचनळी, एकदा इंचभर व्यासाची, मग अर्ध्या इंचाची, मग पाव इंचाची. नळीच्या सुरुवातीला कर्ण्याच्या आकाराचे लाकडी तोंड, म्हणजे पाणी आत शिरताना कडेला आपटून बिथरू नये. टाकी भरल्यावर पाणी पुरते निवळावे म्हणून तासन्‌तास तशीच ठेवायची. मग खालची झडप एका लांब दांड्याने हळूच उघडायची आणि नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडायची. वेग कमी असताना ती धार नळीभर सरळ रेषेत जाई, इतकी सरळ की ती हलते आहे हेही कळू नये. झडप थोडी थोडी उघडत नेली की एका ठरावीक वेगाला, तोंडापासून बऱ्याच अंतरावर, ती धार एकाएकी आजूबाजूच्या पाण्यात मिसळून जाई आणि पुढची सगळी नळी फिक्या रंगाने भरून जाई. डोळ्यांना नुसता रंगीत धूसरपणा दिसे. पण विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले की त्या धूसरपणात गुंडाळलेले, स्पष्ट भोवरे दिसत. सरळ आणि विस्कटलेला यांच्या मध्ये हळूहळू होणारा बदल असा नव्हताच. काही वेगांना तर विस्कटलेला पट्टा आणि शांत पट्टा आळीपाळीने नळीतून जाताना दिसत, आणि हे दृश्य पुढे शतकभर संशोधकांना पुरले.

नुसते दृश्य दाखवून ते थांबले असते तर तो निबंध एक सुंदर प्रात्यक्षिक म्हणून लक्षात राहिला असता. त्यांनी वेग, व्यास आणि तापमान बदलून पाहिले आणि दाखवले की धार विस्कटण्याचा क्षण यांपैकी एकावर ठरत नाही. वेग, व्यास आणि घनता यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागले की जो आकडा येतो, तो हा क्षण ठरवतो. या आकड्याला एकक नाही; फूट घ्या, मीटर घ्या, पाणी घ्या, हवा घ्या, तो तोच. शिशाच्या नळ्यांत दाबाची घट मोजून त्यांनी दुसरी बाजूही पक्की केली: आकडा सुमारे २,०००च्या खाली असेल तर दाब वेगाच्या प्रमाणात पडतो, आणि वर गेल्यावर वेगाच्या सुमारे १.७२ घाताच्या प्रमाणात. मग प्वाझय आणि दार्सी यांची जुनी मोजमापे त्यांनी याच आकड्याच्या हिशेबात बसवून दाखवली. आपणही ते करून पाहू शकतो. साध्या तापमानाचे पाणी एक इंची नळात सेकंदाला ८ सेंटिमीटर सरकले की आकडा २,०००ला पोहोचतो. दार्सी यांच्या अर्ध्या मीटरच्या नळात त्यासाठी सेकंदाला अर्धा सेंटिमीटरही पुरतो, आणि गावाला पाणी पुरवणारा कोणताच नळ इतका संथ चालत नाही. उलट केसाएवढ्या, दशांश मिलिमीटरच्या काचनळीत तिथवर जायला पाणी सेकंदाला २० मीटर वेगाने दामटावे लागेल. वैद्य आणि अभियंता दोघेही बरोबर होते. ते एकाच पाण्याच्या दोन वेगळ्या अवस्था मोजत होते, आणि स्टोक्स यांनी एका अवस्थेचे गणित दुसऱ्या अवस्थेच्या आकड्यांशी ताडले होते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप ठरलेला आहे: रेनॉल्ड्स यांना फार श्रेय दिले जाते. हागेन यांनी १८३९मध्येच पाहिले होते की वेग वाढल्यावर नळीतून बाहेर पडणारी धार काचेसारखी स्थिर न राहता थरथरू लागते. १८५४मध्ये त्यांनी दाखवले की पाणी तापवत नेले की प्रवाह आधी वाढतो, मग एका तापमानानंतर चक्क कमी होतो आणि पुन्हा वाढू लागतो. म्हणजे अवस्थाबदल त्यांच्या हातात आला होता. एककरहित आकडाही स्टोक्स यांच्या १८५१च्या लंबकावरच्या निबंधात दुसऱ्या संदर्भात येऊन गेला आहे. आणि त्या आकड्याला रेनॉल्ड्स यांचे नाव मिळाले ते १९०८मध्ये, आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्याकडून. हे सगळे खरे आहे, आणि हागेन यांचे नाव आपल्याकडच्या वर्गांत पुरेसे घेतले जात नाही हेही खरे. तरीही पाहणे आणि बदल कशाने ठरतो ते ओळखणे यांत अंतर आहे. हागेन यांच्याकडे नोंद होती; ती नोंद दुसऱ्याच्या नळाला, दुसऱ्या द्रवाला कशी लावायची याची किल्ली नव्हती. रेनॉल्ड्स यांना ती सापडली याचे एक कारण मला असे दिसते की ते नळापेक्षा भोवऱ्यांच्या मागावर होते, आणि भोवऱ्यांचा माग त्यांना बॉयलरमधून लागला होता. केवळ पाणीपुरवठ्याचा प्रश्न असता तर दार्सी यांची कोष्टके पुरेशी होती.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: घर्षण आणि उष्णता यांचे हे नाते मुळात खरे तरी आहे का? त्याच १८८३मध्ये लेओ ग्रेट्झ यांनी थराथरांनी सरकणाऱ्या प्रवाहातल्या उष्णतेचे गणित मांडायला घेतले, आणि त्या अवस्थेत निघालेले उत्तर विचित्र आहे: नळी पुरेशी लांब असेल तर वेग वाढवूनही भिंतीचा उष्णता देण्याचा दर वाढत नाही, जरी घर्षण वाढत जाते. भोवऱ्यांच्या अवस्थेतही रेनॉल्ड्स यांची बरोबरी सगळ्या द्रवांना लागू पडत नाही. त्यांचे शिष्य थॉमस स्टँटन यांनी १८९७मध्ये पाण्यावर मोजमापे केली, आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे उत्तर हलते असे दिसले. कारण पुढे कळले. भोवरे भिंतीच्या अगदी अंगापर्यंत पोहोचत नाहीत. तिथे एक पातळ, शांत थर उरतो, आणि त्यातून उष्णतेला कणाकणांच्याच वाटेने जावे लागते. हवेत आणि भट्टीतल्या वायूंत वेगाचे पसरणे आणि उष्णतेचे पसरणे जवळपास सारख्या गतीने होते, म्हणून तिथे नाते जुळते. पाण्यात उष्णता मागे पडते, तेलात फारच मागे पडते, आणि पाऱ्यात किंवा वितळलेल्या सोडियममध्ये ती कितीतरी पुढे धावते. रेनॉल्ड्स यांनी कोडे घेतले ते वायूचे, हे त्यांचे नशीब म्हणायला हवे. तेलापासून सुरुवात केली असती तर ही कल्पना पहिल्याच मोजमापात मोडली असती. पण ती जिथे मोडली तिथूनच पुढचे शास्त्र निघाले. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत भिंतीलगतच्या पातळ थराची कल्पना मांडली, आणि १९१०मध्ये त्या थराचा हिशेब धरून रेनॉल्ड्स यांचे नाते दुरुस्त केले. चुकलेल्या नात्याने नेमके कुठे शोधायचे ते दाखवले, आणि हे बरोबर नात्यांनाही नेहमी जमत नाही.

यानंतर घटना भरभर घडल्या. विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९०९मध्ये ड्रेस्डेन येथे नळीतल्या वायूंच्या उष्णतेची काटेकोर मोजमापे प्रसिद्ध केली, आणि १९१५च्या निबंधात उष्णतेचा सगळा प्रश्न एककरहित आकड्यांच्या भाषेत बसवला. रेनॉल्ड्स यांचा आकडा त्यात एक, द्रवाच्या स्वभावाचा दुसरा आणि भिंतीवरून पार होणाऱ्या उष्णतेचा तिसरा. शेवटच्याला आज नुसेल्ट यांचे नाव आहे. १९१४मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्टँटन आणि पॅनेल यांनी हवा आणि पाणी, बारीक नळ्या आणि जाड नळ्या, सगळ्यांचे घर्षण एकाच वक्ररेषेवर येते असे दाखवले. खडबडीत नळांचा प्रश्न, म्हणजे दार्सी यांचा गंज, प्रांट्ल यांच्या गटिंगेनमधल्या प्रयोगशाळेत योहान निकुराडझे यांनी सोडवला. चाळणीने निवडलेल्या एकसारख्या वाळूचे कण त्यांनी नळीच्या आतून लाखेने चिकटवले, कणांची जाडी आणि नळीचा व्यास यांची सहा गुणोत्तरे घेतली आणि १९३३मध्ये निकाल छापला. भिंतीलगतचा शांत थर वाळूला झाकून टाकतो तोवर खडबडीत नळही गुळगुळीतासारखा वागतो. थर पातळ होऊन कण वर डोकावले की घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. खरा गंज वाळूसारखा एकसारखा नसतो, म्हणून कोलब्रुक यांनी १९३९मध्ये बाजारात मिळणाऱ्या नळांसाठी जोडसूत्र दिले, आणि लुईस मूडी यांनी १९४४मध्ये ते सगळे एका आलेखावर आणले. तो आलेख आज आपल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत असतो. डावीकडच्या तिरक्या रेषेत हागेन आणि प्वाझय, उजवीकडच्या सपाट रेषांत दार्सी, आणि मधल्या तुटलेल्या जागेत रेनॉल्ड्स, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही एवढेच.

उष्णतेच्या बाजूचे सर्वांत वापरले गेलेले सूत्र मोटारीच्या रेडिएटरमधून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डिटस आणि बोल्टर यांचा १९३०चा निबंध नळ्यांच्या रेडिएटरवर आहे. त्यानुसार भोवऱ्यांच्या प्रवाहात भिंतीवरून उष्णता जाण्याचा दर वेगाच्या ०.८ घाताने वाढतो. याचा व्यावहारिक अर्थ कारखान्याचा खर्च ठरवतो. पंप जोराने चालवून वेग दुप्पट केला तर दर सुमारे पावणेदोन पट होतो, पण दाबाची घट सुमारे साडेतीन पट आणि पंपाची वीज सुमारे सातपट लागते. म्हणजे नळ्या वाढवाव्यात की वीज, तांबे विकत घ्यावे की कोळसा, हा सौदा आता कागदावर बसून करता येऊ लागला. तेलशुद्धीकरण, विजेची केंद्रे, शीतगृहे आणि रसायनांचे कारखाने यांमधल्या हजारो नळ्यांची मापे या सौद्यातून ठरतात.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे शास्त्र आले नसते तरी जग अडले नसते. ‘रॉकेट’ धावले, दिजाँला पाणी आले, मुंबईलाही आले, आणि तेव्हा ना रेनॉल्ड्स यांचा आकडा होता ना नुसेल्ट यांचा. हे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. जुन्या मापाच्या जवळपास राहायचे असेल तर अनुभव पुरतो, आणि एकोणिसाव्या शतकातले अभियंते आजच्या सूत्रवाद्यांपेक्षा जास्त सावध होते. पण अनुभव शेजारच्या नळाचा असतो. पाण्याच्या कोष्टकांवरून कच्च्या तेलाची वाहिनी आखता येत नाही, आणि वाफेच्या बॉयलरवरून सोडियमने थंड होणारी अणुभट्टी आखता येत नाही. हवेवर प्रयोग करून तेलाविषयी बोलण्याचा, छोट्या नळीवरून मोठीचा अंदाज बांधण्याचा परवाना त्या एककरहित आकड्यांनी दिला; तो मिळेपर्यंत प्रत्येक नवा द्रव म्हणजे नवी जोखीम होती.

ज्या क्षणाने हे सुरू झाले तो मात्र पुष्कळ काळ हुलकावणी देत राहिला. रेनॉल्ड्स यांनाच दिसले होते की पाणी पुरते शांत असेल तर धार २,०००ला विस्कटत नाही. त्यांच्या टाकीत ती सुमारे १३,०००पर्यंत टिके. व्हाग्न व्हाल्फ्रिड एकमन यांनी पुढे मँचेस्टरमध्ये त्यांचीच टाकी वापरून जास्त काळजी घेतली तेव्हा ती सुमारे ५०,०००पर्यंत गेली, आणि १९६१मध्ये फेनिंगर यांनी १,००,०००पर्यंत नेली. गणितही सांगते की पुरेसा लहान धक्का सरळ नळीत विरूनच जातो. मग २,००० या आकड्याचा अर्थ काय? त्याचे नीट उत्तर २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. फक्त ४ मिलिमीटर व्यासाच्या आणि १५ मीटर लांब काचनळीत संशोधकांनी प्रवाहाला मुद्दाम एक टोचा दिला आणि उठलेल्या विस्कटलेल्या पट्ट्याचे पुढे काय होते ते मोजले. असा पट्टा कधी ना कधी विरतो. पण त्याआधी कधीकधी त्याचे दोन तुकडे होतात. २,०४०च्या खाली विरणे जास्त वेगाने होते, वर तुकडे होणे, आणि मग विस्कटणे स्वतःच्या बळावर पसरत जाते. रेनॉल्ड्स यांनी आळीपाळीने जाताना पाहिलेले पट्टे ते हेच.

अभियंता मात्र या सीमेवर काम करायचे टाळतो. २,००० ते ४,००० या पट्ट्यात नळी कशी वागेल याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून मापे अशी निवडली जातात की आकडा या पट्ट्याच्या स्पष्ट वर राहील. जाड तेल थंड करताना ते जमत नाही, कारण चिकटपणामुळे वेग वाढवूनही आकडा वर जात नाही आणि ग्रेट्झ यांच्या गणितातली मुर्दाड अवस्था कायम राहते. तेव्हा प्रत्येक नळीत पीळ दिलेली पत्र्याची पट्टी किंवा तारेचे वेटोळे सरकवून मधले गरम तेल जबरदस्तीने भिंतीकडे फिरवले जाते, आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा दाब पंपाच्या हिशेबात आधीच धरून ठेवला जातो.